खुब्याच्या ऑपरेशनला दहा आठवडे आहेत, तोवर काय?

प्रश्न : आईचं वय ६७, वजन ६८ किलो. उजव्या खुब्याचा सांधा पूर्ण झिजलाय, बदलायचं ठरलंय, पण तारीख दहा आठवड्यांनंतरची मिळाली. दुखतं जांघेत आणि गुडघ्यात. शेजारचे म्हणतात दुखणं गुडघ्याचंच आहे, खुब्याला कशाला हात लावता? त्रास नको म्हणून आम्ही तिला दिवसभर पलंगावरच ठेवतो, गुडघ्याखाली उशी देतो. उजव्या हातात काठी धरून ती संडासापर्यंत जाते. संडास भारतीय पद्धतीचा आहे. मेडिकलवाल्याने दिलेली ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून दोनदा घेते, रात्री वर एक डोलो. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणारं औषधही आहे. मधुमेह आहे, एचबीएवनसी ८.४. तोवर निभावायला कुणी खुब्यात इंजेक्शन घ्या म्हणतं, कुणी वैदूची पुडी. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, चार गोष्टी आजच बदला. काठीचा हात, गुडघ्याखालची उशी, मेडिकलवाल्याची गोळी आणि दिवसभराचं पडून राहणं. इंजेक्शन आणि पुडी या दोन्हींना नाही म्हणा.

आधी शेजाऱ्यांची शंका. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संवेदना नेणारे मज्जातंतू काही अंशी एकच आहेत, त्यामुळे खुबा झिजला की दुखणं जांघेतून मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरतं. काहींना तर फक्त गुडघाच दुखतो. आईंना बसल्या जागी पायाच्या बोटांची नखं कापता येत नसतील, मांडी आत वळवली की जांघेत कळ येत असेल, तर ते खुब्याचंच लक्षण. गुडघ्याला बाम चोळून आणि पट्टा बांधून यात काही फरक पडत नाही. पट्ट्याने उलट चाल आणखी अवघडते.

काठी. उजवा खुबा दुखतो म्हणून उजव्या हातात काठी धरणं सगळ्यांना स्वाभाविक वाटतं, आणि जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं. काठी डाव्या हातात हवी. चालताना डावा पाय उचलला की सगळा भार एकट्या उजव्या खुब्यावर येतो आणि कंबर डावीकडे कलू पाहते. ती कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जोर लावून ओढून धरतात. वजन अधिक हा जोर, असं मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब पडतो. आईंच्या बाबतीत पावणेदोनशे ते दोनशे किलो. काठी डाव्या हातात असली की ती लांबून आधार देते, स्नायूंना तेवढं ओढावं लागत नाही आणि हातावर थोडासा भार टाकला तरी सांध्यावरचा दाब बराच उतरतो. उजव्या हातातली काठी हे काम करूच शकत नाही. माणूस उलट दुखऱ्या बाजूला झुकतो.

चालण्याचा क्रम असा : काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे, मग डावा पाय. पहिले दोन दिवस गोंधळ होईल. कुणीतरी बाजूने चालत 'काठी-उजवा, डावा' असं म्हणत राहिलं की बसतं.

उंची मोजताना रोजच्या चपला घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं दिसेल. काठी उंच असेल तर खांदा वर चढतो आणि आठवड्यात मान धरते, बुटकी असेल तर कंबर वाकते. लाकडी काठी कापायची असेल तर खालून, अर्धा-अर्धा इंच करत. तळाचं रबरी बूच उलटं करून बघा : वर्तुळाच्या रेघा पुसल्या असतील तर बदला. ओल्या फरशीवर घात करतं ते हेच. डाव्या मनगटात किंवा खांद्यात दुखत असेल किंवा काठी घेऊनही तोल जात असेल, तर सरळ वॉकर घ्या.

जिना चढताना आधी डावा म्हणजे चांगला पाय, मग उजवा आणि काठी. उतरताना आधी काठी आणि उजवा, मग डावा. दर पायरीवर दोन्ही पाय आणायचे. कठडा असेल तर एका हाताने तो धरायचा आणि काठी दुसऱ्या हातात, मग तो हात कुठलाही असो. दिवसातून एकदाच वर-खाली व्हावं लागेल अशी सोय करा. खाली एक खोली मिळाली तर पलंगच खाली आणा.

आता पडून राहण्याबद्दल. झिजलेला सांधा विश्रांतीने बरा होत नाही, आणि भोवतालचे स्नायू मात्र झपाट्याने आटतात. ऑपरेशननंतर नवीन सांध्याला धरून ठेवायचं ते याच स्नायूंनी. सर्जन सांधा बदलतो, मांडी-नितंबाची ताकद त्याला घालता येत नाही. ती आईंनी बरोबर न्यायची आहे. गुडघ्याखालच्या उशीचंही तसंच. तिने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण खुबा तासन्‌तास वाकलेल्या अवस्थेत राहिला की पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि उभं राहिल्यावर 'पाय आखूड झाला' असं वाटू लागतं. उशी पंधरा-वीस मिनिटं ठीक, रात्रभर नको.

आखडलेला खुबा सैल करायला पालथं झोपणं सगळ्यात चांगलं, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. पोटाखाली पातळ उशी चालेल. पालथं होता येत नसेल तर सपाट उताणं झोपून डावा गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी घ्यायचा आणि उजवा पाय गादीवर जमेल तितका सरळ सोडायचा. जांघेत ताण जाणवतो, तो हवाच आहे.

व्यायाम सोपे आहेत, पण रोज दोनदा व्हायला हवेत. पलंगावर उताणं झोपून : घोटे वर-खाली वीस वेळा. गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबून पाच आकडे मोजायचे, दहा वेळा. नितंब आवळून पाच आकडे, दहा वेळा. मग टाच गादीवरून सरकवत पाय जमेल तितका वाकवायचा आणि सरळ करायचा, दहा वेळा. इथे टाच चादरीत अडकते आणि माणूस पाय उचलू लागतो, मग कळ येते; टाचेखाली एक प्लास्टिकची पिशवी ठेवा, पाय अलगद सरकतो. त्याच पिशवीवर, बोटं छताकडे ठेवून, पाय बाहेरच्या बाजूला नेऊन परत आणायचा, दहा वेळा. बाहेरच्या बाजूचे जे स्नायू काठीच्या वेळी सांगितले, त्यांचा हा व्यायाम. कंटाळा आला तर बाकी काही गाळा, हा गाळू नका. शेवटी हाताच्या खुर्चीत बसून दोन्ही हातांनी खुर्ची दाबत अंग थोडं उचलायचं, पाच-सहा वेळा. पुढे वॉकरवर भार याच हातांना पेलायचा आहे.

व्यायाम करताना थोडं जास्त दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर. नाही आलं तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. चालणंही तुकड्यातुकड्यांनी : घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. दुखायला लागल्यावर बसायचं असं नाही, त्याआधी बसायचं. ओट्याशी आईंचं मन रमत असेल तर भाजी निवडणं, कणीक मळणं टेबलाशी खुर्चीत बसून होऊ द्या. पोळ्या लाटायला उभं राहणं मात्र कुणी दुसऱ्याने घ्यावं.

गोळ्या. इथे जरा थांबून वाचा. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब या जातीच्या वेदनाशामकांनी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध हीदेखील किडनीच्या आतल्या दाबाशी खेळतात. तिन्ही एकत्र, वर मधुमेह, वय ६७. अशात एखाद्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या किंवा पाणी कमी प्यायलं गेलं की किडनी अचानक बसू शकते. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. बंद करायची ती मेडिकलवाल्याची. या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि रिपोर्ट, बीपीची पट्टी, वेदनेची पट्टी असं सगळं घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. 'बरोबर ॲसिडिटीची गोळी देतोय ना' असं दुकानदार म्हणेल. ती पोट सांभाळते, किडनी नाही.

त्याऐवजी सामान्यतः पहिली पायरी म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल, ६५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून : सकाळी ७, दुपारी २, रात्री १०. दुखल्यावर एक घेण्यापेक्षा अशा ठरल्या वेळा जास्त उपयोगी पडतात. सकाळची गोळी अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास द्या, कारण उठल्यावरचा पहिला तास सगळ्यात ताठर असतो. या वयात चोवीस तासांत ३ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. लिव्हरचा आजार असेल किंवा वजन कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांकडून घ्या. हिशेब ठेवताना लक्षात असू द्या की सर्दीच्या गोळ्यांत आणि बहुतेक 'जोडगोळ्यां'त पॅरासिटामॉल दडलेलं असतं. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर ट्रामाडॉलसारखं काही कमी मात्रेत देतील. त्याने गरगरतं, मळमळतं आणि पोट घट्ट होतं. पहिली मात्रा रात्रीची घ्यावी, रात्री संडासला जाताना एकटं सोडू नये आणि इसबगोल-पाणी त्याच दिवसापासून सुरू करावं. दुखऱ्या खुब्याने कमोडवर कुंथत बसणं हे वेगळंच संकट आहे. वेदनाशामक जेल गुडघ्याला थोडं लागू पडतं. खुबा इतका खोल असतो की जेल तिथे पोचत नाही.

खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन एरवी काही आठवडे आराम देतं, पण सांधा बदलण्याच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलं तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तुमची तारीख दहा आठवड्यांवर आहे, म्हणजे ती वेळ गेली. नव्या सांध्यातला संसर्ग साधा नसतो. कधी कधी बसवलेला सांधा काढून सगळं पुन्हा करावं लागतं. आणि वैदूची पुडी : सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. दोन दिवसांत जादू होते ती त्यामुळेच. साखर मात्र तीनशेवर जाऊ शकते. आईंनी आधीच काही आठवडे ती घेतली असेल तर एकदम तोडू नका आणि लपवूही नका. डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कारण शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असू शकतं.

शेकायला हरकत नाही : टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, पंधरा मिनिटं. मधुमेहात कातडीला चटका कळेलच असं नाही, म्हणून आधी तुमच्या कोपराला लावून बघा. मांडीला हलकं तेल चालेल. पाय ओढणारा, मोडणारा मालिशवाला, जळवा, डाग देणं, यातलं काही नको.

संडासाची सोय याच आठवड्यात करा, कारण उकिडवं बसण्यात खुबा सर्वात जास्त वाकतो आणि ऑपरेशननंतर तर ते बंदच असतं. भारतीय भांड्यावर ठेवायची चार पायांची कमोड खुर्ची वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. बसकेची उंची अशी ठरवा : जमिनीपासून आईंच्या गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा आणि दोन इंच वाढवा. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे. घरी नेल्यावर दोन चुका हमखास होतात. एक, चार पायांची बटणं वेगवेगळ्या भोकांत बसतात, चारही मोजा. दुसरी, भांड्याच्या बाजूचे पावठे फरशीपेक्षा उंच असतात, एखादा पाय त्यावर चढतो आणि खुर्ची डुगडुगते. आधी तुम्ही स्वतः बसून डावी-उजवीकडे झुकून पाहा. भिंतीला स्टीलचा दांडा विटेत स्क्रूने बसवून घ्या. टाइलला हवेने चिकटणारे दांडे ऐन वेळी सुटतात. टॉवेलची दांडी आणि नळ हे आधार नाहीत, हेही आईंना सांगून ठेवा.

मोरीत छोटं स्टूल नको. हाताची प्लास्टिकची खुर्ची घ्या. एकात एक दोन सारख्या खुर्च्या घातल्या की बसक उंच होते आणि पायही मजबूत होतात, फक्त रबराच्या चकतीवर उभ्या राहतात ना ते बघा. बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्यासाठी वाकायला नको. पाठ आणि पाय घासायला लांब दांड्याचा ब्रश. दारातली पायपुसणी उचला, सगळीच. कपडे घालताना परकर किंवा सलवार आधी दुखऱ्या पायात, काढताना दुखरा पाय शेवटी. घरात साडीपेक्षा घोट्याच्या वर राहणारा गाउन बरा. चप्पल मागे पट्टा असलेली.

खुर्चीतून उठताना आईंना काखेत हात घालून ओढू नका, त्याने त्यांचा तोल आणि तुमची कंबर दोन्ही जातात. पुढे सरकून कडेला यायचं, उजवा पाय थोडा पुढे ठेवायचा, खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा आणि डाव्या पायावर उठायचं. काठी उभं राहिल्यावर हातात घ्यायची. खाली बसून पूजा, पाटावर जेवण तूर्त नाही. देव्हारा टेबलावर घ्या.

रात्री डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये जाड उशी, तीही घोट्यापर्यंत पोचेल इतकी लांब. नुसती गुडघ्यांत धरली तर पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळवटतो. रिक्षात चढताना पाय आधी टाकायचा नाही. पाठमोरं होऊन सीटवर आधी बसायचं, मग मागे सरकत दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. गाडी असेल तर पुढची सीट पूर्ण मागे, पाठ कलती, आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी म्हणजे वळताना अंग सरकतं. पिशवी गाडी सुरू करण्याआधी काढा.

आता तारीख पुढे ढकलली जाते ती कशाने, ते बघू. पहिलं कारण साखर. बहुतेक ठिकाणी एचबीएवनसी साडेसात-आठच्या खाली लागतं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो आणि त्यातही अलीकडच्या आठवड्यांचं वजन जास्त, म्हणून आजपासून औषध-जेवण नीट बसवलं तर दहा आठवड्यांत ८.४ खाली येऊ शकतो. शेवटच्या पंधरवड्यात धावपळ करून येत नाही. हिमोग्लोबिनही आत्ताच तपासा. कमी असलं तर लोहाच्या गोळ्यांना भरून काढायला सहा-आठ आठवडे लागतात. गोळी चहाबरोबर द्यायची नाही. प्रोटीन रोज साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास हवं, किडनी ठीक असेल तर : दोन्ही जेवणांत घट्ट वरण किंवा उसळ, दही, पनीर, खात असतील तर दोन अंडी. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच आणि साखर उसळते, त्यामुळे मधले उपवास देवाला सांगून पुढे ढकलावेत.

दुसरं कारण कातडी आणि दात. भेगाळलेल्या टाचा, बोटांमधली ओली चिखली, परकराच्या नाडीखाली पडलेलं लाल चरचरीत वर्तुळ, स्तनांखालचा घामोळं-गजकर्णाचा पट्टा, हे सगळं ऑपरेशनच्या दिवशी सर्जन बघतात आणि परत पाठवतात. नाडीची जागा रोज पुसून कोरडी ठेवा, नाडी रुंद घ्या. मांडीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. किडलेला दात आत्ताच उपटून किंवा भरून घ्या. लघवीला जळजळ असेल तर सांगा. आणि आई मिश्री लावत असतील तर तीसुद्धा तंबाखूच आहे. किमान चार आठवडे आधी बंद. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे लेखी विचारून घ्या.

पुढीलपैकी काही झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा : अचानक पायावर भारच टाकता न येणं, मग पडल्या असोत वा नसोत, ताप येऊन खुबा भयंकर दुखणं, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणं, काळी डांबरासारखी शौच, लघवी एकदम कमी होणं, मांड्यांच्या मधे बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं.

शेवटच्या दोन आठवड्यांत वॉकर आणून ठेवा, पुढे चाकं असलेला, मूठ पुन्हा मनगटाच्या घडीशी. रोज दोन फेऱ्या त्यावर घालायला लावा : वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग डावा, आणि पाय वॉकरच्या पुढच्या दांडीपर्यंत न्यायचा नाही. वेदनेत आणि भुलेच्या गुंगीत नवीन चाल शिकणं जड जातं, आधी शिकलेली असली की पहिल्या दिवशी पाय आपोआप उचलतो. संडासाच्या दारातून तो वॉकर जातो का, तेही मोजा; आपल्याकडची दारं बरीचशी दोन-सव्वादोन फुटी असतात आणि वॉकर अडकतो. अडकत असेल तर दार आत्ताच बिजागरीतून काढून पडदा लावा, आणि ऑपरेशनला जाताना हाच वॉकर, याच उंचीवर लावलेला, नाव घालून बरोबर न्या.